अक्कानं मोजलेल्या घंटा

आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला जो पत्रा झाकण म्हणून ठेवलाय, तो उलटा केला की त्यावर माझं नाव निघतं. निळ्या रंगावर पिवळी अक्षरं, 'बाल अष्टावधानी चि. दिगंबर', आणि खाली दोन कमळं. कमळांचा माझ्याशी काही संबंध नाही. पेंटरला खाली जागा उरली, म्हणून त्यानं ती काढली. मागच्या महिन्यात टाकी धुवायला आलेल्या माणसानं पत्रा उचलला, वाचला आणि मला विचारलं, "पावणं, ह्ये कोण म्हणायचं?" मी म्हणालो, "होता एक." जिन्यात उभी असलेली बायको हसली. तिला वाटलं, हा माणूस आज विनयाचं सोंग करतोय. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा, भाजी आणायला जाऊन नुसती पिशवी घेऊन परत येणारा हा गृहस्थ एकेकाळी एका वेळी आठ गोष्टींवर लक्ष ठेवत होता, यावर तिचा कधीच विश्वास बसला नाही. तिचं बरोबर आहे. मी तसा कधीच नव्हतो. आठ हा आकडासुद्धा पेंटरचाच. मी लोकांसमोर पाच गोष्टी करायचो. 'पंचावधानी' असं लिहिलं तर पाटी रिकामी दिसते असं त्याचं म्हणणं पडलं, आणि माझे कार्यक्रम ठरवणाऱ्या तालमीच्या अण्णांनी मान डोलावली. त्या पाचांतल्या किती माझ्या होत्या, ते आता सांगायला बसलोय. घरात सगळ्यांना मी गोष्टी सांगतो. ही एक गोष्ट मात्र आजवर चुकवत आलो.

आमचं घर म्हणजे पुढे दुधाचा कट्टा, मधे दोन खोल्या आणि मागे म्हशींची दावण. पहाटे चारला घरात पहिला आवाज व्हायचा तो बादलीच्या कडीचा, मग धारेचा. रिकाम्या चरवीत पहिली धार पडते तिचा आवाज टणक असतो, चरवी भरत जाईल तसा तो मऊ होतो. डोळे मिटून पडल्या पडल्या मला कळायचं की आबांच्या किती म्हशी पिळून झाल्या. आबा म्हणजे आमचे वडील. दिवस उजाडला की दोन म्हशी कट्ट्यावर आणून बांधायच्या आणि गिऱ्हाइकासमोर धार काढायची. माणसं उभ्या उभ्या फेसाळतं दूध पेल्यातून पिऊन मिशा पुसत जायची. तालमीतली पोरं अंगाला माती तशीच घेऊन यायची. शिवाय घरोघरच्या रतिबाची भांडी रांगेनं मांडलेली. कुणाचं किती, कुणाला कुठल्या म्हशीचं, कुणाकडे आज पाहुणे म्हणून जास्तीचं, कुणाचं उपासामुळे बंद, हे सगळं माझ्या थोरल्या बहिणीच्या डोक्यात असायचं. ती शालन, आमची अक्का. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. वही नव्हती, पाटी नव्हती. आबा नुसतं भांडं पुढे करायचे आणि अक्का शेणाची पाटी उचलता उचलता म्हणायची, "त्येंचं दीड, आन् सोनीचं पायजे, बिजलीचं चालत न्हाय पोराला."

सहावीत मला नद्यांची नावं पाठ होईनात म्हणून मी रडत बसलो होतो, तेव्हा तिनं मला तिची युक्ती सांगितली. "दिग्या, नुसतं नाव डोक्यात ऱ्हात न्हाय. त्याला कुठंतरी बांधायला लागतं. आपली दावण तुला पाठ हाय न्हवं? मग एकेक नदी एकेका म्हशीला बांध. मी रतिबाच्या वकीलसाहेबांना सोनीच्या शिंगावर बसवलंय, म्हणून त्ये कदी विसरत न्हाईत." वकीलसाहेब धोतर सावरत सोनीच्या शिंगावर बसलेत हे चित्र मला आजही दिसतं, नद्याही त्याच दिवशी पाठ झाल्या. मग मी वाटेल ते बांधायला लागलो. वीस वस्तू सांगा, मी त्या सरळ म्हणणार, उलट म्हणणार, मधली नववी कुठली ते सांगणार. शेजारी बोलावून बोलावून वस्तू सांगायचे. ही युक्ती अक्काची, असं मी सुरुवातीला एक-दोनदा सांगितलं होतं. मग सांगायचं राहून गेलं. राहून गेलं हा शब्द मी सोयीसाठी वापरतोय, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल.

गणपतीत तालमीच्या अण्णांनी मला मांडवात उभं केलं. वीस वस्तू झाल्या, टाळ्या पडल्या. अण्णा पैलवानी माणूस. एका डावावर त्यांचं समाधान कुठलं व्हायला? "आजून काय येतं रं?" मग त्यात गुणाकार आला, जन्मतारखेवरून वार सांगणं आलं, कुणीतरी कविता वाचेल ती ऐकून शेवटची ओळ म्हणणं आलं. आणि शेवटी आली घंटा. कुणाही एकाच्या हातात पूजेची घंटा द्यायची, त्यानं मनाला येईल तेव्हा ती वाजवायची, एकदा, तीनदा, मधेच थांबून पुन्हा. बाकीचं सगळं चालू असताना ती किती वेळा वाजली हे मी शेवटी सांगायचं. घरी करून पाहिलं आणि माझी सगळी दावणच सुटली. घंटा मोजायला गेलं की वस्तू पळायच्या, वस्तू धरल्या की गुणाकार सांडायचा. मी घंटा भिंतीवर फेकली. अक्का भाकरी थापत होती. ती न वळता म्हणाली, "चवदा झाल्या. कशापायी आदळतोस? देवाची हाय ती."

ती भाकरी थापत होती, आईला उद्याच्या पेंडेचं सांगत होती, आणि तिनं चौदा मोजल्या होत्या.

माझी मुलगी मुक्ता मेंदू कसा चालतो याचं शिक्षण घेते. सुट्टीत आली की आमच्या डोक्यांविषयी आम्हाला सांगते. ती म्हणते, "पपा, एका वेळी माणूस मनात जेमतेम तीन-चार गोष्टी धरू शकतो. दोन कामं एकदम करतोय असं वाटतं, पण खरं तर मन इकडून तिकडे पळत असतं, आणि प्रत्येक फेरीत थोडं सांडतं. मग मेंदू काटकसर करतो. जे काम रोजचं होतं ते सवयीच्या हवाली करतो आणि जागा मोकळी करून घेतो." मी मान डोलावतो. माझ्या मेंदूनं यापेक्षा मोठी काटकसर केली होती, हे तिला कुठं माहीत होतं! त्यानं काम सवयीच्या हवाली केलंच नाही, बहिणीच्या हवाली केलं.

आकडा माझ्यापर्यंत पोचवायचा कसा, हा प्रश्न आबांच्या नकळत आबांनीच सोडवून ठेवला होता. म्हशींच्या बाजारात सौदा बोलून होत नाही. दोघांच्या हातांवर एक टॉवेल पडतो आणि आत बोटं दाबून किंमत सांगायची. आजूबाजूच्या दहा माणसांना दिसतात ती फक्त दोन मख्ख तोंडं. आम्ही दोघं लहानपणापासून आबांबरोबर बाजारात जात होतो आणि घरी टॉवेल घेऊन तोच खेळ खेळत होतो. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा म्हणजे पाच, पंजा धरून पुन्हा एक बोट म्हणजे सहा. मोठा आकडा आधी, मग हलका चिमटा, मग पुढचा आकडा. तेव्हा आमच्या कार्यक्रमात शेवटी एक विधी आला. सगळे प्रश्न संपले की माझी बहीण पाण्याचा तांब्या आणि पांढरा टॉवेल घेऊन यायची. मी तोंडावर पाणी मारायचो, ती टॉवेल माझ्या हातांवर टाकायची, मी डोळे मिटून क्षणभर उभा राहायचो. अण्णा लोकांना सांगायचे, "डोकं तापतंय वो पोराचं. गार करायला लागतंय." बायका हळहळायच्या. टॉवेलाखाली अक्काची शेणकामानं खरखरीत झालेली बोटं माझी बोटं दाबून जायची. मी डोळे उघडून म्हणायचो, "घंटा सदतीस वेळा वाजली." मांडव कोसळायचा बाकी राहायचा.

मग मला खुराक सुरू झाला. आमच्या पेठेत पैलवानाला खुराक देणं ही धर्माची गोष्ट. डोक्याच्या पैलवानाला वेगळा न्याय कसा लावायचा? रात्री बदाम भिजत पडायचे, सकाळी अक्का ते पाट्यावर वाटायची आणि सोनीच्या धारोष्ण दुधातून ते मला दिले जायचे. रविवारी तांबड्या रश्श्यातली नळी माझ्या ताटात यायची, मी ती ताटावर आपटून आतला मगज काढून खायचो. आई म्हणायची, "खा रं, लई इचार करायला लागतोय तुला." बदाम वाटून झाले की अक्का पाटा धुवायची आणि ते पाणी सोनीच्या आंबोणात, भिजवलेल्या पेंडीत, ओतायची. हिशेबानं बघितलं तर आमच्या घरात अक्काच्या पोटात जितके बदाम गेले, त्याहून जास्त म्हशीच्या पोटात गेले. हे वाक्य मी वर्षानुवर्षं विनोद म्हणून सांगत आलो. लोक हसतात. मीही हसतो, आणि मग पाणी पितो.

त्या वर्षी अक्का दहावीला होती. आबांचा विचार सरळ होता: पास झाली तर कॉलेजात घालू, नापास झाली तर पोरीला उगीच कशाला ताणायचं. अक्काला शिक्षिका व्हायचं होतं. गणिताची. हे तिनं एकदाच बोलून दाखवलं होतं, तेही म्हशीच्या पाठीवर ब्रश मारत, जणू म्हशीला सांगतेय. तिच्या गणिताच्या सरांची तिच्यावर माया होती. सायकलवरून जाता जाता ते कट्ट्यावर थांबायचे, पेला तोंडाला लावण्याआधी तिला एखादं गणित घालायचे, आणि पेला संपायच्या आत उत्तर आलं की आबांना म्हणायचे, "हिला थांबवू नका हं."

मार्चच्या सुरुवातीला अण्णांनी निरोप आणला की जूनमध्ये माझा मोठा सत्कार ठरतोय. बाहेरगावचे पाहुणे येणार, नवी पाटी रंगवून घ्यायचीय, आणि या वेळी घंटा वाजवायला तीन माणसं, तीन वेगवेगळ्या घंटा. तीन घंटांची तयारी करायला हवी होती आणि अक्काला अभ्यासातून सवड नव्हती. तेव्हा मला एक कल्पना सुचली. ती कल्पना मला सुचली, दुसऱ्या कुणाला नाही, हे मी इथं स्वच्छ लिहून ठेवतो. मी म्हणालो, "अक्का, तू आपली गणितं करत बस. सूत्रं म्हण. मी नुसती घंटा वाजवत बसतो. तुला मोजायला काय कष्ट पडत न्हाईत की. उलट तुझा बी अभ्यास पक्का व्हईल."

तिनं वही मिटली. म्हणाली, "नको वाटतंय रं."

"दहाच दिवस."

"गणिताच्या पेपरापर्यंत तरी थांबूया की दिग्या."

"मग माझं कसं व्हायचं?" मी म्हणालो. खुराकावर वाढलेला आवाज होता तो.

मी थांबलो नाही, शेवटी तिनंच ऐकलं. दुपारी म्हशी रवंथ करत बसलेल्या असायच्या, दावणीच्या कोपऱ्यात चिपाडांच्या सावलीत अक्का पोत्यावर बसून गणितं सोडवायची, आणि मी तिच्यासमोर मांडी घालून कधी पूजेची घंटा, कधी सायकलची, कधी म्हशीच्या गळ्यातली वाजवायचो. तिनं समीकरण मांडलं की टण. तिनं सूत्र ओठात आणलं की टण टण. गणित संपलं की मी विचारायचो, "किती?" आणि ती उत्तराखाली रेघ मारत सांगायची. पहिले दोन दिवस एखाद-दुसरी चुकली. मग एकही चुकली नाही. मी खूश झालो. मला वाटलं, मी तिला तयार करतोय. केलंच होतं मी तिला तयार, फक्त कशासाठी ते मला कळलं नव्हतं.

गणिताच्या पेपराला ती दही-साखर खाऊन गेली आणि दुपारी आली ती थेट मागे दावणीत. मी धावत गेलो. ती सोनीच्या गव्हाणीच्या काठावर बसली होती, चप्पल पायातच.

"कसा गेला?"

"अर्धा ऱ्हायला."

"का? अवघड हुता?"

"सगळं येत हुतं की." ती हळू बोलत होती, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगतेय. "पन रस्त्याकडची खिडकी हुती. एक सूत्र लिवलं की भाईर सायकलची घंटा. झाली मोजायला सुरवात. मी म्हणलं, मोजायचं न्हाय. तर जास्तच मोजायला लागली. गारेगारवाला घंटी वाजवत आला. कोपऱ्यावरच्या देवळात कोन तरी घंटा बडवत हुतं. शाळेचा टोल. मी कानात बोटं घातली तर बाई म्हणल्या, हात खाली घे. गणित सुरू केलं की आपोआप सुरू व्हतंय रं ते. थांबतच न्हाय."

मुक्ता हेच शास्त्रानं सांगते. सवयीच्या हवाली केलेलं काम फुकटात होतं असं वाटतं, पण ते बोलावल्याशिवाय येतं आणि येताना आपल्या वाट्यातलं थोडं खाऊन जातं. मला त्या दिवशी शास्त्राची गरज नव्हती. मी सगळं समजलो होतो. आणि समजल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य जे निघालं ते असं होतं: "आबांना घंटेचं सांगू नगंस."

"न्हाय सांगत," अक्का म्हणाली.

निकाल जूनमध्ये लागला. सगळ्या विषयांत पास, गणितात नापास. तो रविवार होता आणि घरात रस्सा झाला होता. सर सायकल कट्ट्याला टेकवून आत आले, दूध नको म्हणाले. आबांना म्हणाले, "काहीतरी झालंय. ही पोरगी गणितात नापास व्हायची नाही. ऑक्टोबरला बसवा. मी घरी येऊन शिकवतो." आबांनी तंबाखू मळायची थांबवली. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. ते माझ्याकडे वळले. "दिग्या, तू रोज दुपारचा तिच्याजवळ बसलेला असायचास. करत हुती का न्हाय अभ्यास? खरं सांग. पोरीचं डोकं चालतंय का आपन उगच दमवायलोय तिला?"

सर माझ्याकडे बघत होते. आई ओट्याशी ताट वाढत होती. सत्कार तेरा दिवसांवर आला होता, पाटी रंगवून कट्ट्याच्या भिंतीला उभी होती, तिचा रंग अजून बोटाला लागत होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी दोन-तीन शब्दांची जुळवाजुळव केली, वीस वस्तू लक्षात ठेवणारं डोकं होतं ते, आणि म्हणालो,

"तिचं लक्ष नसायचं, आबा."

त्या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता. म्हणूनच ते मला आजवर खोडता आलं नाही.

सर सायकल घेऊन गेले. आबा म्हणाले, "झालं तर मग." आईनं मला ताट दिलं. नळी माझ्याच ताटात होती. ती मी आपटली, आणि आतलं खाल्लंसुद्धा. भूक लागली होती.

सत्काराला मांडव खच्चून भरला. तीन कोपऱ्यांत तीन घंटा. वस्तू झाल्या, गुणाकार झाला, वार झाला, कविता झाली. शेवटी अक्का तांब्या-टॉवेल घेऊन चढली. तिनं ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. माझ्या मनात तेव्हा आलं की ही आता चुकीचा आकडा देणार. एक बोट कमी दाबलं की झालं. मला भीती वाटली हे तर खरंच, पण त्या भीतीच्या तळाशी कुठंतरी मला तेच हवंही होतं, हे मी आता कबूल करतो. आकडा चुकला असता तर फिटंफाट झाली असती. मी तोंडावर पाणी मारलं. टॉवेल पडला. चार बोटं, चिमटा, एक बोट. मी डोळे उघडले आणि म्हणालो, "एक्केचाळीस." तिन्ही माणसांनी आपापल्या घंटांची बेरीज केली. एक्केचाळीस. पाहुण्यांनी मला मिठी मारली. अक्का रिकामा तांब्या घेऊन खाली उतरली.

पुढच्या उन्हाळ्यात शिरोळकडच्या एका चांगल्या घरात तिचं लग्न झालं. त्यानंतर मी एकच कार्यक्रम केला. टॉवेल घेऊन आतेभाऊ आला, त्याची मोजणी केव्हाच सुटली होती. घंटा एकोणीस वेळा वाजली होती, मी अठ्ठावीस सांगितली. मांडवात असा हशा झाला की अण्णांनी स्वतः मला खांद्याला धरून खाली आणलं आणि म्हणाले, "वयात आलं की जातंय ते. कुस्तीत बी असंच असतंय." पुढे मी एका कचेरीत चिकटलो, पाटी माळ्यावर गेली, मग टाकीवर.

यंदा नदीचं पाणी चढलं तेव्हा अक्का आठवडाभर आमच्याकडे येऊन राहिली. म्हशी त्यांनी आधीच उंचावरच्या पाहुण्यांकडे हलवल्या होत्या. इतक्या वर्षांत ती आमच्याकडे शंभरदा आली असेल; प्रत्येक वेळी मी ठरवायचो आणि प्रत्येक वेळी काहीतरी काम निघायचं. या वेळी दुपारी ती सोप्यात मेथी निवडत बसली होती आणि मुक्ता तिला तेच सांगत होती, तीन-चार गोष्टींचं, सवयीचं, सांडण्याचं. अक्का मन लावून ऐकत होती. मधेच म्हणाली, "मंजे डोक्याला बी दावण असती म्हण की. खुंट्या मोजक्याच."

"अगदी बरोबर, आत्या!" मुक्ता म्हणाली, आणि फोन आला म्हणून आत गेली.

मी अक्कासमोर बसलो. एक जुडी ओढून घेतली. म्हणालो, "अक्का, तुझ्या निकालाच्या दिवशी आबांनी मला विचारलं हुतं, तवा मी..."

"ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"तिचं लक्ष नसायचं, म्हणलास. मी न्हाणीत हुती, भिंतीपलीकडं. ऐकलं की." तिनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "देठ ठेवू नगंस येवढी. कडू लागती भाजी."

इतकी वर्षं मी एक गोष्ट लपवून ठेवली होती, आणि जिच्यापासून लपवली तिला ती माझ्याइतक्याच वेळापासून माहीत होती. शरमेचाही मी एकटाच मालक नव्हतो. "मग सत्काराला... मग तू आकडा बरोबर का दिलास? चुकवायचा हुतास की."

"दिग्या, मोजल्यावर खोटा आकडा कसा सांगायचा?" तिला खरंच प्रश्न पडला होता. "मोजलं न्हाई तर गोष्ट येगळी."

मी माफ कर म्हणालो. ते मला नीट म्हणता आलं नाही, जुडी हातातून खाली पडली. ती काही 'जाऊ दे' म्हणाली नाही. मला वाटलं होतं म्हणेल. माझ्या गोष्टींमधल्या बहिणी अशा वेळी 'जाऊ दे' म्हणतात. मग तिनं खांद्यावरचा पदर ओढला, माझा हात जवळ घेतला आणि दोन्ही हातांवर पदर टाकला.

एक बोट. चिमटा. तीन बोटं. चिमटा. चार बोटं.

मला वाटलं होतं मी विसरलो असेन. विसरलो नव्हतो. "एकशे चौतीस," मी म्हणालो. "काय हाय हे?"

"गणिताच्या पेपराच्या घंटा," अक्का म्हणाली. "एक बी चुकली न्हाय." तिनं पदर सावरला आणि निवडलेली मेथी घेऊन आत गेली.

आयुष्यभर लोकांचे आकडे मी म्हशींच्या शिंगांना बांधत आलो. हा एक कशालाही न बांधता राहिलाय.